सुरयांची वंशावळ

कोल्हापूरच्या दक्षिणेला, गारगोटी रस्त्यालगत पसरलेला कळंबा तलाव संस्थानकाळात शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला आणि कात्यायनीच्या डोंगरांकडून येणाऱ्या ओढ्यांवर तो आजही भरतो. दक्षिण महाराष्ट्रातील अशा गोड्या पाण्याच्या तलावांवर हिवाळ्यात टोकदार पंखांचे, पांढुरके-राखी पक्षी पाण्याच्या पृष्ठभागावरून संथ घिरट्या घालत मासे आणि कीटक टिपताना दिसतात. मराठीत त्यांना सुरय म्हणतात. त्यांपैकी पिवळ्या चोचीचा आणि खोल दुभंगलेल्या शेपटीचा नदी सुरय हा नद्या व जलाशयांच्या काठचा बारमाही रहिवासी आहे, तर कल्लेवाला सुरय हा दलदलींत घरटे करणारा पक्षी उत्तरेकडून हिवाळी पाहुणा म्हणून येतो. येथून सह्याद्री ओलांडून आंबोली घाट उतरला की वेंगुर्ल्याच्या बंदरापलीकडे अरबी समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका लागतो. नकाशावर त्याचे नाव वेंगुर्ला रॉक्स असे आहे आणि दर्यावर्दींच्या जुन्या नोंदींत तीच बेटे बर्न्ट आयलंड्स म्हणून येतात. तेथे मोठ्या तुऱ्याचा सुरय आणि तपकिरी पंखांचा सुरय हे दोन अस्सल सागरी पक्षी वीण करतात. तलावावरचे दोन आणि खडकावरचे दोन, असे हे चारही पक्षी लॅरिडे या एकाच कुळातले आहेत आणि याच कुळात किनाऱ्यावरचे कुरवही मोडतात. परंतु त्यांच्यात कोण कोणाचा किती जवळचा नातलग आहे, हे केवळ त्यांच्या दिसण्यावरून किंवा राहण्याच्या जागेवरून सांगता येत नाही.

बराच काळ पक्षिशास्त्रज्ञांनी बहुतेक सुरयांना स्टर्ना या एकाच मोठ्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, ठेवले होते. २००५ मध्ये एली ब्रिज, अँड्र्यू जोन्स आणि अ‍ॅलन बेकर या तीन संशोधकांनी जगभरच्या सुरयांच्या मायटोकाँड्रियातील डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. मायटोकाँड्रिया हा पेशीतील ऊर्जा निर्माण करणारा घटक असून त्याला स्वतःचा छोटासा डीएनए असतो, जो पिल्लाला फक्त आईकडून मिळतो. पित्याचा डीएनए त्यात मिसळत नसल्यामुळे मातृवंशाची रेषा त्यातून सलग वाचता येते आणि दोन जातींच्या या डीएनएमध्ये जितके फरक साठलेले असतात तितका त्यांच्या सामाईक पूर्वजापासूनचा काळ लांब, असा अंदाज बांधता येतो. या तुलनेतून जुना स्टर्ना गट फुटला. मोठ्या तुऱ्याचा सुरय थॅलेसियस या प्रजातीत गेला, तपकिरी पंखांचा सुरय ओनिकोप्रिऑन या प्रजातीत, कल्लेवाला सुरय क्लिडोनियस या गटात कायम राहिला आणि नदी सुरय स्टर्नामध्येच उरला. वंशवृक्षात थॅलेसियस आणि स्टर्ना या फांद्या एकमेकींच्या शेजारी आहेत, तर ओनिकोप्रिऑनची फांदी खोडाच्या पुष्कळ जवळून, फार आधी वेगळी झालेली आहे. याचा अर्थ असा की, वेंगुर्ल्याच्या एकाच खडकावर एकमेकांच्या आवाजाच्या अंतरात अंडी घालणारे दोन सुरय परस्परांचे दूरचे नातलग असून त्यांपैकी तुरेवाल्याचे खरे जवळचे नाते गोड्या पाण्यावरच्या नदी सुरयाशी आहे. समुद्र आणि गोडे पाणी ही विभागणी माणसाच्या डोळ्याला मूलभूत वाटते. या कुळाच्या इतिहासात मात्र ती एकाहून अधिक वेळा ओलांडली गेलेली आहे.

वेंगुर्ला रॉक्सचा पक्षिशास्त्रातला प्रवेश जुना आहे. पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले गेले ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७५ मध्ये लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या सफरीवर असताना या बेटांवर आले आणि १८७६ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या स्वतः चालवलेल्या नियतकालिकात त्यांनी त्या सफरीचा दीर्घ वृत्तान्त छापला. त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी बेटांवरील सुरयांविषयी आणि गुहांत लाळेची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांविषयी संस्थेच्या नियतकालिकात लिहिले. त्यांचा मुख्य लेख १९४२ चा आहे. या पाकोळ्यांची घरटी खाद्य म्हणून परदेशी बाजारात विकली जात असल्यामुळे त्यांच्यावर चोरट्या व्यापाराचे संकट आले, आणि या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने तो व्यापार उघडकीस आणून घरट्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. पाकोळ्या सागरी पक्षी नव्हेत, परंतु त्यांच्यामुळे त्या खडकावर माणसाची सावध नजर राहिली, हा त्यांचा सुरयांवरही उपकार आहे. या साऱ्या नोंदी मोलाच्या असल्या तरी त्यांचे स्वरूप भेटींचे आहे. कोणत्या वर्षी कोणते पक्षी दिसले, किती अंडी होती, हे त्यांतून कळते. पण एका वर्षी अंडे घालणारी मादी पुढच्या वर्षी परतली का, तिचे पिल्लू मोठे होऊन त्याच कातळावर आले का, हे भेटीतून कळत नाही. उत्क्रांतीचा अभ्यास करायचा तर नेमके हेच कळावे लागते.

सागरी पक्ष्यांबाबत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण त्यांच्या जीवनातच एक विसंगती आहे. हजारो किलोमीटर सहज उडू शकणारा पक्षी अंडी घालण्यासाठी मात्र बहुधा जेथे जन्मला त्याच बेटावर, कित्येकदा त्याच उतारावर परत येतो. या प्रवृत्तीला जन्मस्थाननिष्ठा म्हणतात. एका वसाहतीतील पक्षी दुसऱ्या वसाहतीत जाऊन तेथे संतती निर्माण करतो तेव्हा त्याची जनुके तेथे पोचतात आणि या देवाणघेवाणीला जनुकप्रवाह असे नाव आहे. जन्मस्थाननिष्ठा हा प्रवाह रोखून धरते. प्रवाह रोखला गेला की लहान वसाहतीत कोणती जनुके पुढच्या पिढीत उतरतील हे अंशतः निव्वळ योगायोगावर अवलंबून राहते, ज्याला जनुकीय विचलन म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे साठत गेले की शेजारच्या दोन बेटांवरील पक्षी हळूहळू वेगळे होऊ लागतात. त्यामुळे उडण्याची अमर्याद क्षमता असूनही सागरी पक्षी स्थलांतर न करणाऱ्या प्राण्यांसारखे बेटाबेटाने वेगळे होतील अशी अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्षात कधी ती खरी ठरते आणि कधी नाही. दक्षिण महासागरातील भटक्या अल्बट्रॉसच्या वसाहतींचा अभ्यास करणाऱ्या एमान्युएल मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००८ मध्ये असे आढळले की, हे पक्षी जन्मस्थानाला कमालीचे निष्ठावान असूनही दूरदूरच्या बेटांवरील वसाहतींत जनुकीय फरक आश्चर्यकारकरीत्या थोडा आहे. वाट चुकलेले किंवा दुसरीकडे स्थिरावलेले मोजके पक्षीसुद्धा पिढ्यांच्या हिशेबात वसाहतींना एकत्र बांधून ठेवतात.

जाती फुटण्याचे एक विलक्षण उदाहरण मात्र अटलांटिकमधील अझोर्स द्वीपसमूहात सापडते आणि त्याकडे कोकणच्या दृष्टीने थोडे निवांत पाहण्याजोगे आहे. तेथील ग्रासिओझा बेटालगतच्या लहान खडकांवर स्टॉर्म पेट्रेल नावाचे, साळुंकीएवढे, रात्रीच जमिनीवर येणारे काळे सागरी पक्षी बिळांत आणि कपारींत घरटी करतात. लुईश मोंतेइरो या पोर्तुगीज जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की तेथे विणीचे हंगाम दोन आहेत, एक उन्हाळी आणि एक हिवाळी, आणि एका हंगामातले पक्षी दुसऱ्या हंगामात वीण करत नाहीत. एकच बीळ वर्षाच्या दोन भागांत दोन वेगळ्या गटांच्या वापरात येते. त्यांनी रॉबर्ट फर्नेस यांच्यासह १९९८ मध्ये हे मांडले, परंतु १९९९ च्या डिसेंबरात अझोर्समध्येच झालेल्या विमान अपघातात मोंतेइरो यांचे निधन झाले. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या विकी फ्रीझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या दोन्ही गटांचे डीएनए तपासून दाखवले की त्यांच्यात जनुकप्रवाह जवळजवळ थांबलेला आहे, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे जगातील इतर द्वीपसमूहांवरही अशा हंगामी जोड्या स्वतंत्रपणे निर्माण झालेल्या आहेत. एकाच जागी राहूनही केवळ काळ वेगळा असल्यामुळे एका जातीच्या दोन जाती होणे, याला कालभेदाने होणारी जातिनिर्मिती म्हणता येईल. उन्हाळी पक्ष्यांची हाकही निराळी असल्याचे दिसून आले होते आणि २००८ मध्ये त्यांना स्वतंत्र जातीचा दर्जा देऊन तिला मोंतेइरो यांचे नाव देण्यात आले. भूगोलाची भिंत असल्याशिवाय जाती फुटत नाहीत अशी जी समजूत पाठ्यपुस्तकांत दृढ होती, तिला या रात्रीच्या पक्ष्याने दिलेला धक्का मोठा होता.

आता याच प्रकाशात वेंगुर्ल्याचा तपकिरी पंखांचा सुरय पाहता येतो. सेशेल्समधील कझिन बेटावर या जातीचे पक्षी वर्षाच्या चक्राला जुमानत नाहीत, ए. डब्ल्यू. डायमंड यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथे त्यांचा विणीचा फेरा सुमारे आठ महिन्यांनी येतो. त्याच्याच सख्ख्या नात्यातला काजळी सुरय अटलांटिकमधील असेन्शन बेटावर साडेनऊ महिन्यांच्या आसपासचा फेरा पाळतो. उत्तर अरबी समुद्रात मात्र तपकिरी पंखांच्या सुरयाची वीण उन्हाळा आणि पावसाळ्याच्या महिन्यांशी बांधलेली आहे, कारण तेथे मान्सून समुद्राचे अन्नचक्रच पालटून टाकतो. आठ महिन्यांच्या घड्याळावर चालणारा सेशेल्सचा पक्षी आणि बारा महिन्यांच्या घड्याळावर चालणारा अरबी समुद्राचा पक्षी यांची घड्याळे अधूनमधून जुळतात आणि पुन्हा निसटतात. अशा स्थितीत त्यांच्यात जनुकांची देवाणघेवाण कितपत होत असेल, आणि हा घड्याळांचा फरक जनुकांत कोरलेला आहे की केवळ समुद्राच्या परिस्थितीला दिलेला प्रतिसाद आहे, हा अझोर्सच्या तोडीचा प्रश्न आहे. त्याचे एक टोक महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत आहे, ही गोष्ट मराठी विज्ञानजगताने अभिमानाने आणि थोड्या अस्वस्थतेनेही लक्षात घ्यावी अशी आहे.

कोकणच्या बंदरांवर आणखी एक पाठ्यपुस्तकी पक्षी दर हिवाळ्यात येतो. हर्णै, मालवण, वेंगुर्ला येथे मासळी उतरवली जाते तेव्हा लिलावाच्या जागेभोवती आणि होड्यांमागे कुरवांचे थवे जमतात, आणि त्यांत तपकिरी डोक्याच्या लहान कुरवांबरोबर काळपट राखी पाठीचे, पिवळ्या पायांचे मोठे कुरवही असतात. त्यांतील ह्यूग्लिनचा कुरव रशियाच्या उत्तरेकडील टुंड्रा प्रदेशात वीण करतो आणि हिवाळा अरबी समुद्राच्या किनाऱ्यांवर काढतो. विसाव्या शतकातील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा पक्षी प्रत्यक्ष पाहिलेला नसला तरी त्याची गोष्ट वाचलेली असते. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ च्या ‘सिस्टेमॅटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पिशीज’ या ग्रंथात उत्तर ध्रुवाभोवतीच्या मोठ्या कुरवांचे उदाहरण वलयजातीचा नमुना म्हणून प्रसिद्ध केले. त्यांच्या मांडणीनुसार उत्तर युरोपातील हेरिंग कुरव अमेरिकेतल्या कुरवाशी, तो सैबेरियातल्या कुरवाशी, तो पुढे ह्यूग्लिनच्या कुरवाशी आणि तो पुन्हा युरोपातल्या काळपट पाठीच्या कुरवाशी मिसळतो. शेजारी शेजाऱ्याशी संकर करत हे वलय पृथ्वीला वेढा घालते, परंतु त्याची दोन टोके युरोपात पुन्हा भेटतात तेव्हा ती दोन वेगळ्या जातींप्रमाणे वागतात. जाती म्हणजे काय, या प्रश्नाचे इतके देखणे चित्र दुसरे नव्हते.

डॉरिट लीबर्स, पीटर डी नाइफ आणि आंद्रेआस हेल्बिग यांनी २००४ मध्ये शेकडो कुरवांचे मायटोकाँड्रियल डीएनए तपासून हे चित्र दुरुस्त केले. त्यांना आढळले की या कुरवांचा उगम एकाच ठिकाणी नसून हिमयुगांच्या काळात दोन आश्रयस्थानांत वेगळे राहिलेले दोन गट त्यांच्या मुळाशी आहेत, एक ईशान्य अटलांटिकमधला आणि दुसरा अरल-कॅस्पियन प्रदेशातला. अमेरिकेतील कुरव युरोपातील हेरिंग कुरवाचा पूर्वज नाही, त्यांच्यातला अटलांटिकवरचा दुवा अस्तित्वातच नाही आणि म्हणून वलय कधी पूर्ण झालेच नव्हते. ह्यूग्लिनचा कुरव या इतिहासात अरल-कॅस्पियन गटाच्या बाजूला बसतो. मायर यांच्या सिद्धान्ताचा गाभा, म्हणजे जाती हळूहळू फुटतात हे म्हणणे, त्यामुळे खोटे ठरले नाही. पण ज्या उदाहरणावर ते उभे केले होते ते उदाहरण प्रत्यक्षात अधिक गुंतागुंतीचे, आश्रयस्थानांचे, विस्ताराचे आणि पुन्हा झालेल्या संकरांचे निघाले. मालवणच्या जेटीवर माशांच्या टाकाऊ भागासाठी झगडणारा तो कुरव या वादाचा जिवंत साक्षीदार आहे.

नात्यांचा इतिहास शोधणे हा या शास्त्राचा एक भाग झाला. दुसरा आणि अधिक अवघड भाग म्हणजे आज, डोळ्यांसमोर, उत्क्रांती होत आहे की नाही हे ठरवणे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील कायकोरा द्वीपकल्पावर लाल चोचीच्या कुरवांची मोठी वसाहत आहे आणि जेम्स मिल्स यांनी १९५८ पासूनच्या ४७ वर्षांच्या काळातील तेथील पक्ष्यांच्या खुणा, वजने, जोड्या आणि पिल्ले यांच्या नोंदी जमवल्या. या काळात तेथील तापमान वाढत होते आणि कुरवांचे सरासरी वजन घटत होते. उष्ण हवामानात प्राण्यांचा देह लहान असतो, कारण लहान देहातून उष्णता लवकर बाहेर पडते, असा बर्गमन यांचा एकोणिसाव्या शतकातील नियम आहे. त्यामुळे हवामानबदलाला पक्ष्यांनी उत्क्रांतीने दिलेले हे उत्तर आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह स्वाभाविक होता. सेलीन तेप्लित्स्की, मिल्स, युहा मेरिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोह आवरून २००८ मध्ये वेगळा हिशेब मांडला. प्रत्येक पक्ष्याची वंशावळ माहीत असल्यामुळे भावंडे, चुलत भावंडे, आजी-नातवंडे यांच्या वजनांतले साम्य किती आहे यावरून वजनाचा कोणता हिस्सा जनुकांमुळे आणि कोणता परिस्थितीमुळे आहे हे वेगळे करता येते. तसे केल्यावर दिसले की वजन अंशतः आनुवंशिक असले तरी त्या ४७ वर्षांत वसाहतीच्या जनुकीय मूल्यात घट झालेलीच नव्हती. तेच पक्षी आणि त्यांची तशीच जनुके बदललेल्या परिस्थितीत हलकी शरीरे घडवत होती. याला परिस्थितीजन्य लवचिकता म्हणतात. ती तात्पुरते जगवते, पण पुढच्या पिढीच्या जनुकांत काही लिहून ठेवत नाही. ज्यांना वंशावळ माहीत नव्हती अशा कोणत्याही संशोधकाने त्याच वजनांवरून नेमका उलटा निष्कर्ष काढला असता. सागरी पक्ष्यांच्या उत्क्रांतिशास्त्रातील हा अभ्यास सर्वांत भपकेदार नाही, तरी सर्वांत महत्त्वाचा मानावा लागतो.

सुरयांच्या बाबतीत असाच हिशेब जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेन येथे ठेवला जातो. तेथील बांटर झे या जलाशयात सहा चौकोनी काँक्रीट बेटांवर सामान्य सुरयांची वसाहत आहे आणि पीटर बेकर यांनी १९९२ पासून तेथे पक्ष्यांच्या त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक खूण बसवायला सुरुवात केली. पक्षी विसाव्याच्या फळीवर उतरला की फळीभोवतीची तार त्याचा क्रमांक वाचते आणि फळीखालचा काटा त्याचे वजन घेतो. पक्ष्याला पुन्हा हात लावावा लागत नाही. सांड्रा बौहाउस यांनी बेकर यांच्यासह या नोंदींवरून दाखवले की उतारवयातील मातांच्या मुली आणि उतारवयातील पित्यांचे मुलगे पुढे स्वतः कमी संतती वाढवतात. दीर्घायुषी सागरी पक्ष्यांत म्हातारपणाचा भार असा पुढच्या पिढीवर, आणि तोही लिंगानुसार, उतरतो हे कळायला पक्ष्यांच्या दोन पिढ्यांची पूर्ण आयुष्ये पाहावी लागली.

उत्क्रांतीच्या या गणिताचा पाया घालणाऱ्यांत एक नाव भारताच्या फार जवळचे आहे. नैसर्गिक निवडीला गणिती रूप देणाऱ्या तिघांपैकी, म्हणजे फिशर, राइट आणि हॉल्डेन यांच्यापैकी, जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पक्ष्यांच्या अहिंसक वैज्ञानिक अभ्यासावर एक लेख लिहिला. पक्ष्याला न मारता, फक्त संयमाने मोजत आणि नोंदत राहिल्यास पहिल्या दर्जाचे विज्ञान होऊ शकते आणि भारत त्यासाठी योग्य देश आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांचे सहकारी सुरेश जयकर यांनी हेलन स्परवे यांच्यासह पिवळ्या गाठीच्या टिटवीच्या घरट्यांचा अभ्यास याच पद्धतीने केला. जनुकांचा नकाशा काढताना वापरले जाणारे दुसरे एक सूत्र तर थेट मराठी मनुष्याचे आहे. गुणसूत्रावरील दोन जनुके पिढीगणिक किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात यावरून त्यांच्यातले अंतर काढतात. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये त्यासाठी एक सूत्र दिले होते, पण एका ठिकाणी गुणसूत्रांची अदलाबदल झाली की शेजारी पुन्हा होण्याची शक्यता घटते हे त्यात धरलेले नव्हते. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ मध्ये ती उणीव भरून काढणारे सूत्र प्रसिद्ध केले. मराठी वाचक कोसंबींना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ओळखतो. जगभरचे जनुकशास्त्रज्ञ त्यांना नकाशाच्या सूत्रासाठी ओळखतात आणि रानटी पक्ष्यांत एखादा गुण कोणत्या गुणसूत्राच्या कोणत्या भागात आहे हे शोधताना आजही ते सूत्र वापरले जाते.

काही गुण मात्र इतके ठळक असतात की त्यांचे जनुक हाती लागणे तुलनेने सोपे जाते. हिवाळ्यात आणि स्थलांतराच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरून जाणारा आर्क्टिक स्कुआ, जो सुरयांचा पाठलाग करून त्यांच्या चोचीतील मासा हिसकावतो, फिक्या आणि गडद अशा दोन रूपांत आढळतो. २००४ मध्ये निकोलस मंडी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पिसांतील काळे रंगद्रव्य नियंत्रित करणाऱ्या एमसी१आर या जनुकातील एका अक्षराच्या बदलाशी हे गडद रूप जोडलेले आहे. कोकणच्या किनाऱ्यावर खडकांत उभा राहणारा समुद्रबगळाही पांढऱ्या आणि काळसर अशा दोन रूपांत दिसतो, तेव्हा हाच प्रश्न येथील पक्ष्याबाबतही विचारता येण्यासारखा आहे.

या कामासाठी लागणारे नमुने अगदी थोडे असतात. पिल्लाच्या पंखाखालच्या शिरेतून सुईच्या टोकाएवढे रक्त, गळून पडलेले पीस किंवा उबलेल्या अंड्याच्या कवचातील पापुद्रा एवढ्यावर डीएनए मिळतो. सुरयांत नर आणि मादी एकसारखेच दिसत असल्यामुळे लिंगही डीएनएवरूनच ठरवावे लागते. पक्ष्यांत मादीची दोन लिंगगुणसूत्रे वेगळी असतात आणि सीएचडी या जनुकाची दोन्हींवरची प्रत वेगळ्या लांबीची असल्यामुळे प्रयोगशाळेत मादीच्या नमुन्यात दोन पट्टे दिसतात आणि नराच्या नमुन्यात एक. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार असे नमुने घेण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि ती असावीच. जुन्या संग्रहांचाही येथे उपयोग आहे. ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या सुमारे ऐंशी हजार पक्षी व अंड्यांच्या संग्रहातील किंवा मुंबईच्या सोसायटीच्या संग्रहातील वाळलेल्या कातड्यांच्या तळपायाच्या कातडीतून आज डीएनए काढता येतो. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या वसाहतीतील जनुकीय विविधतेशी आजच्या विविधतेची तुलना शक्य आहे, मात्र त्यासाठी आजचा नमुना हाती हवा.

२०२२ मध्ये बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने उत्तर अटलांटिकच्या सागरी पक्ष्यांत जी पडझड केली, तिने या साऱ्या प्रश्नांना निकड आणली. ब्रिटनमधील मोठ्या स्कुआंचा फार मोठा हिस्सा मेला आणि स्कॉटलंडच्या बास रॉकवरील गॅनेट पक्ष्यांत जे वाचले त्यांपैकी काहींची फिकट निळी बुबुळे काळी झाल्याचे आढळले; त्यांच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे होती, म्हणजे ते आजारी पडून बरे झालेले होते. कोणता पक्षी वाचला आणि का, हे शोधण्यासाठी रोगप्रतिकारक जनुके तपासावी लागतात. परंतु त्याहीआधी साथ येण्यापूर्वी वसाहतीत कोण कोण होते हे माहीत असावे लागते. भारतात हा विषाणू प्रथम २००६ मध्ये नवापूरच्या कोंबडीपालन केंद्रांत आढळला आणि २०२१ च्या आरंभी हिमाचलमधील पाँग धरणावर त्याने हजारो पट्टकादंब मारले. टुंड्रातून येणारे कुरव आणि वेंगुर्ल्याचे सुरय एकाच किनाऱ्यावर वावरतात, तेव्हा अशी साथ येथे येणारच नाही असे मानण्याला आधार नाही.

वेंगुर्ल्याच्या खडकावर काम करणे सोपे नाही. वीण ऐन उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात होते, पाऊस सुरू झाला की होडी खडकाला लागत नाही आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीही बंद असते, त्यामुळे हाती राहतात ते मान्सूनपूर्वीचे थोडे आठवडे. त्याच्या तुलनेत नदी सुरय पुष्कळच हाताशी आहे. २०२० पासून तो जागतिक यादीत संकटप्रवण जातींत आहे, कर्नाटकातील भद्रा जलाशयाच्या फुगवट्यातील बेटांवर त्याची हजारोंची वसाहत आहे, आणि धरणांच्या बेटांवर वाढणारे पक्षी व नदीच्या वाळूवर वाढणारे पक्षी यांच्यात जनुकप्रवाह आहे की नाही हा प्रश्न कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना कळंब्यापासून सुरू करून कृष्णा, भीमा आणि तुंगभद्रेच्या खोऱ्यांत विचारता येण्यासारखा आहे. पायात वलय घातलेले सुरयाचे पिल्लू प्रथम अंडी घालायला परतते ते साधारण तीन-चार वर्षांनी. म्हणजे आई-मुलगी हा वंशावळीतला पहिला दुवा जुळेपर्यंतच तेवढा काळ जातो आणि तीन पिढ्यांसाठी त्याच्या किमान दुप्पट. आपल्याकडील संशोधन अनुदाने बहुधा तीन वर्षांची असतात. कायकोरा किंवा बांटर झे येथील नोंदी ज्या धाटणीने चालल्या त्या धाटणीने काम करायचे तर ते प्रकल्पाकडे नव्हे, तर संस्थेकडे सोपवावे लागेल; विद्यापीठाच्या विभागाकडे, वेंगुर्ल्याच्या खर्डेकर महाविद्यालयासारख्या किनाऱ्यावरच्या महाविद्यालयाकडे किंवा खडकाची वाट जाणणाऱ्या मच्छीमारांना सोबत घेऊन काम करणाऱ्या एखाद्या निसर्गमंडळाकडे, जेथे एका पिढीच्या शिक्षकाने सुरू केलेली वही पुढच्या पिढीच्या शिक्षकाच्या हाती जाईल.